लाकूड कोरायला शिकायचंय? पहिल्या सहा महिन्यांत एवढंच करा

आमच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला एखादा तरी नवीन माणूस येतो, आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, की कुठला सेट घेऊ? ऑनलाइन बारा पटाश्यांचा, म्हणजे कोरायच्या छिन्न्यांचा, एक सेट बघितलेला असतो, लाकडी डब्यातला, छान दांड्यांचा, आणि कार्टमध्ये टाकूनही झालेला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. काढून टाका. निदान सहा महिने तरी घेऊ नका. का ते खाली येईलच, पण थोडक्यात सांगायचं तर त्या बारा पटाश्यांपैकी एकीलाही कोरायला लागते तशी धार नसते, आणि नवीन माणसाला धार लावता येत नाही, मग ते हत्यार लाकूड कापण्याऐवजी फाडतं आणि माणसाला वाटतं आपल्यात कलाच नाही. तसं नसतं हो. मी स्वतः चार वर्षांपूर्वी आले तेव्हा याच कारणाने सोडून देणार होते.

आम्ही पुण्यात दर रविवारी सकाळी आठ ते अकरा एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसतो, पंधरा-सोळा जण, त्यातले दहा-बारा नियमित. दोन कॉलेजची मुलं आहेत, एक दातांच्या डॉक्टर आहेत, एक आजोबा फक्त पक्षी करतात, बाकी काही नाही, आणि सगळ्यांना धरून ठेवणारे आमचे पॅटर्नवाले काका. काकांनी पस्तीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवले. म्हणजे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी वाळूत जो आकार उठवायचा असतो तो आधी लाकडात करावा लागतो, ते काम. ओतलेलं बीड थंड होताना साधारण शंभराला एक या हिशोबाने आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा ठेवायचा, आणि त्यासाठी त्यांची मोजपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा किंचित लांब. ती पट्टी ते अजून पिशवीत घेऊन येतात. नवीन आलेल्या प्रत्येकाच्या हातात ती आणि आपली साधी पट्टी शेजारी-शेजारी देतात आणि काही न बोलता बघत बसतात, तो फरक कधी दिसतो ते.

पहिल्या रविवारी काहीही आणू नका

खरंच. रिकाम्या हाताने या, तीन तास बसा, बघा. कोण कसा चाकू धरतोय, कोण किती वेळा धार लावायला उठतोय ते मोजा. मी पहिल्या दिवशी मोजलं होतं, पक्षीवाले आजोबा दीड तासात चार वेळा उठून चामड्यावर चाकू फिरवून आले, आणि मला वाटलं होतं की त्यांचा चाकू खराब असेल. उलट होतं, सगळ्यात चांगला चाकू तोच होता.

जमलं तर त्या दिवशी कुणाचा तरी चाकू मागून एक ढलपी काढून बघा. चांगल्या धारेचा चाकू शिवणीच्या लाकडातून जातो तेव्हा एक बारीक आवाज येतो, काकडी चिरल्यासारखा, आणि कापलेला भाग पॉलिश केल्यासारखा चमकतो. तो आवाज आणि ती चमक लक्षात ठेवून घरी जा. पुढचे कितीतरी आठवडे तुम्ही तेच शोधणार आहात.

चाकू: एकच, छोटा

पात्याची लांबी चार ते पाच सेंटीमीटर, टोक सरळ, दांडा मुठीत नीट बसेल असा लाकडी. कोरायचा चाकू म्हणून ऑनलाइन मिळतो तो घ्या, आपल्याकडेही आता बरे चाकू बनतात, हजार रुपयांच्या आत काम होतं. घडीचा चाकू नको, जोर लावताना पातं मिटलं की बोट जातं. कटरची पातीही नकोत, ती लवचिक असतात आणि मोडून उडतात.

यासोबत दोन गोष्टी लागतात आणि त्यावर पैसे वाचवू नका. एक, डाव्या हाताला कट-रेझिस्टंट ग्लोव्ह, डावखुरे असाल तर उजव्या. दोन, चाकूवाल्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी किंवा चिकटपट्टीचे चार वेढे. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते घरी विचारून घ्या, आठवत नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन घेऊन टाका.

मला तिसऱ्या महिन्यात अंगठ्याच्या खाली तीन टाके पडले होते. ग्लोव्ह पिशवीत होता, चाकूला धार नव्हती, आणि धार नसल्यामुळे मी जोर लावत होते, आणि पुढे, पात्याच्या वाटेत, माझाच हात होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या की अपघात होतोच होतो. बोथट चाकूने जास्त कापतं हे ऐकायला उलटं वाटतं पण धारदार चाकू तुम्ही हलक्या हाताने चालवता, तो जिथे थांबवाल तिथे थांबतो, बोथट चाकू अचानक सुटतो आणि मग कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

धार: इथे महिना घालवा

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण माझ्या मते कोरीवकाम शिकणं म्हणजे निम्म्याहून जास्त धार लावायला शिकणं आहे, आणि हे व्हिडिओ बघून येत नाही. व्हिडिओत हात दिसतो, हाताचा दाब दिसत नाही. शेजारी बसलेल्या माणसाने तुमच्या मनगटावर हात ठेवून ‘एवढाच’ म्हटलं की कळतं. ग्रुपची खरी गरज इथेच लागते.

सामान काय: एक पाण्याचा दगड, एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ३००० किंवा ६००० ग्रिटचा. ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचा आकडा, आकडा जेवढा मोठा तेवढा दगड बारीक. जुना चामडी पट्टा, खरा चामड्याचा, रेक्झिनचा नाही, तो खरखरीत बाजू वर ठेवून एका फळीवर फेव्हिकॉलने चिकटवायचा. त्यावर चोळायला हिरवं पॉलिशिंग कंपाऊंड, वडीसारखं मिळतं. काळा मार्कर.

दगड दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की घ्या. आता पात्याचा जो उतार असतो, धारेकडे जाणारा, तो मार्करने रंगवा. पातं दगडावर ठेवून दोनच वेळा घासा आणि उचलून बघा रंग कुठला गेला. वरचाच गेला म्हणजे पातं जास्त आडवं पडलंय, धारेजवळचाच गेला म्हणजे जास्त उभं धरलंय, सगळा सारखा गेला म्हणजे कोन बरोबर. मग तोच कोन धरून ठेवायचा, आणि हेच अवघड आहे, कारण पाच-सहा वेळा घासलं की मनगट आपोआप वर उचललं जातं. काका म्हणतात मनगट हलवूच नका, कोपरापासून सगळा हात एकत्र पुढे-मागे न्या, जात्यावर दळताना जसं कमरेपासून अंग हलतं तसं. माझ्या आजीकडे जातं होतं म्हणून मला ते लगेच समजलं, कॉलेजच्या मुलांना दाखवावं लागतं.

एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक कंगोरा उठतो, बोट धारेच्या आडवं, हळूच, पात्याकडून बाहेर फिरवलं तर खरखरीत लागतो. वर्कशॉपमध्ये त्याला बर म्हणतात. बर टोकापासून दांड्यापर्यंत सलग लागला पाहिजे, मगच बाजू बदलायची. अर्ध्यावर लागतोय आणि टोकाला नाही तर टोकाला अजून घासायचंय. दोन्ही बाजू झाल्या की बारीक ग्रिटवर हलक्या हाताने तेच, आणि शेवटी चामडं. चामड्यावर पातं नेहमी मागे ओढायचं, धार मागे राहील असं, पुढे ढकललं तर चामडं कापलं जाईल. वीस-पंचवीस वेळा एका बाजूने, तेवढंच दुसऱ्या बाजूने.

धार आली का हे बघायला बरेच जण हातावरचे केस कापून बघतात, ते करू नका, काही गरज नाही. चाकू उजेडात धरून धारेकडे सरळ बघा. धारेवर कुठे पांढरी चकाकी दिसली तर तिथे बोथट आहे, कारण खरी धार उजेड परत पाठवण्याइतकी रुंदच नसते. दुसरी परीक्षा पांगाऱ्याच्या तुकड्याची. पांगारा इतका मऊ आहे की चाकू जरा बोथट असेल तर लाकूड कापलं जात नाही, चेपतं, आणि कापलेली जागा पांढुरकी, लोकरीसारखी दिसते. मऊ लाकूड सोपं असा सगळ्यांचा समज असतो, पण मऊ लाकडालाच जास्त धार लागते.

एकदा दगडावर नीट धार आली की रोज दगड काढायची गरज नाही. दर वीस-तीस मिनिटांनी चामड्यावर फिरवा, बस. पक्षीवाले आजोबा तेच करत होते. आमच्याकडे महिन्याचा पहिला रविवार फक्त धारेचा असतो, त्या दिवशी कोणी काही कोरत नाही, बादल्या भरून दगड ठेवतात, घरच्या विळ्या आणि सुऱ्यासुद्धा घेऊन येतात लोक. नवीन माणसाने एक रविवार चुकवला तरी चालेल पण हा नाही.

लाकूड कुठून आणायचं

परदेशी व्हिडिओत सगळे बासवुड नावाचं मऊ लाकूड वापरतात. आपल्याकडे ते ऑनलाइन मिळतं, आयात केलेलं, आणि एका मुठीएवढ्या ठोकळ्याचे जे पैसे लावतात त्यात वखारीतून पिशवीभर तुकडे येतात. चांगलं लाकूड आहे, वाद नाही, पण त्याच्यावाचून अडत नाही.

शिवण घ्या. फिकट पिवळसर, हलकं, लाकडातल्या तंतूंच्या रेषा बऱ्यापैकी सरळ, वाळल्यावर फारसं वाकत नाही, आणि चाकूला छान मानवतं. पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन शिवणीचे कापून उरलेले तुकडे मागा, नाव घेऊन मागा, ‘कोरायला मऊ लाकूड द्या’ म्हटलं की काहीही हातात पडतं. सगळ्या वखारींत नसते, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन फुकट मिळतं म्हणून सगळे त्यावर सुरू करतात, पण त्यात एक रेघ मऊ आणि पुढची कडक असते, चाकू मऊ भागात पटकन शिरतो आणि कडक रेघेवर अडकतो, नवीन हाताला ते झेपत नाही. प्लायवुड आणि एमडीएफ तर नकोच, त्यात लाकडापेक्षा गोंद जास्त त्रास देतो.

सागाचं काय, असं सगळे विचारतात. साग सुंदर आहे, आपल्या वाड्यांचं बरंचसं नक्षीकाम सागातच आहे, पण ते पटाशी आणि मोगरीचं, म्हणजे लाकडी हातोड्याचं, लाकूड आहे, हातातल्या चाकूचं नाही. शिवाय सागात वाळूसारखे कण असतात, त्याने धार लवकर जाते. शिसव त्याहून कडक. दोन्ही दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

पावसाळ्यात रस्त्यावर फांद्या पडतात तेव्हा ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो, ‘हे घेऊ का?’ म्हणून. पडलेल्या फांद्या उचलायच्या तरी तिथे काम करणाऱ्या महापालिकेच्या लोकांना विचारून उचला, आणि उभ्या झाडाला तर हातच लावायचा नाही, शहरात झाड तोडायला, अगदी फांद्या छाटायलासुद्धा, परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे त्यासाठी. गावाकडे तुमच्या स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चंदनाच्या तर वाटेलाच जाऊ नका.

फांदी कुठली आहे ते ओळखल्याशिवाय कोरू नका. कण्हेर आणि पिवळी कण्हेर विषारी आहेत, त्यांची कुठलीही वस्तू नको. गिरीपुष्प टेकड्यांवर भरपूर आहे, त्याला उंदीरमारी उगाच म्हणत नाहीत, त्याचा चमचा करू नका. रेन ट्रीचं लाकूड मात्र चांगलं निघतं, गडद तपकिरी गाभा आणि पिवळी कड, फक्त कोरडं झाल्यावर त्याचा भुसा नाकात फार झोंबतो, मास्क लावा. मास्क तसा घासताना नेहमीच लावा, लाकडाचा बारीक भुसा फुफ्फुसाला वाईट, मग तो कुठल्याही झाडाचा असो.

ओली फांदी घरी आणली की त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल फासा, कारण पाणी टोकांतून सगळ्यात आधी उडतं आणि तिथून चिरा पडतात. मग मधल्या गाभ्याच्या बिंदूतून उभी दुभागा. अख्खी गोल ठेवली तर फुटणारच. सावलीत, वारा लागेल अशी, जमिनीपासून वर ठेवा.

रेषा ओळखा

लाकडाला सुलट-उलट असतं. मांजरीच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर केस बसतात, उलटा फिरवला तर उभे राहतात, तसंच. चाकू सुलट चालला की ढलपी सलग निघते आणि खाली गुळगुळीत राहतं, उलट चालला की पातं आत-आत घुसतं आणि लाकूड फाटून निघतं. आकार वळला की सुलट बाजूही बदलते, म्हणून चमच्याच्या मानेपाशी वाडग्याकडून दांड्याकडे कापत आलात तर मध्ये खोलगटात पोचल्यावर थांबायचं आणि दुसऱ्या टोकाकडून परत तिथेच यायचं. दोन्ही उतार उतरून दरीत भेटायचं, चढायचं नाही. लाकूड फाटायला लागलं की जोर वाढवू नका, ठोकळा फिरवून धरा. माझ्या बघण्यात सुरुवातीला जेवढे ठोकळे वाया जातात त्यातले बहुतेक इथेच जातात.

चार काप

पहिला बटाटा सोलतो तसा, चाकू आपल्याकडे ओढत, अंगठा लाकडाच्या टोकाला टेकवून, पण पात्याच्या वाटेपासून खाली. दुसरा ढकलायचा, लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून त्याच अंगठ्याने ढकलायचं, चाकूचा हात फक्त दिशा देतो. हा काप सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात जास्त लागणारा, हा येईपर्यंत पुढे जाऊ नका. तिसरा स्टॉप कट, म्हणजे जिथे थांबायचंय तिथे आधी आडवा छेद द्यायचा आणि मग त्या छेदापर्यंत कापत यायचं, ढलपी तिथेच सुटते, पुढे फाटत जात नाही. चौथा व्ही, दोन तिरके काप एकमेकांना तळाशी भेटवायचे की मधली काडी अलगद निघते. डोळे, पिसं, पाकळ्यांच्या शिरा, सगळं या चौथ्यातून येतं.

एका काठीवर हे चारही काप महिनाभर करा. काठी संपली की दुसरी घ्या. काही बनवायचं नाही. ढलप्या कुंडीत टाका.

पहिली वस्तू: छोटा चाटू

पक्षी नको, गणपती तर अजिबात नको. गणपतीने सुरू करणारे खूप येतात आणि सोंडेपाशी लाकडाची रेषा आडवी येते, सोंड तुटते, मग मन मोडतं. चाटू घ्या, चपटा, भाजी परतायचा किंवा डोशाचं पीठ ढवळायचा, खोलगट नसलेला. वीतभर लांबीची शिवणीची पट्टी, तीन बोटं रुंद, जाडी सव्वा सेंटीमीटर. ओलसर मिळाली तर अजून सोपं, ओलं लाकूड लोण्यासारखं कापतं. त्या दिवसाचं काम झालं की चाटू त्याच्याच ढलप्यांसकट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा म्हणजे हळूहळू वाळेल.

पेन्सिलीने मधोमध रेघ मारा, दोन्ही तोंडांवर आणि दोन्ही कडांवर. ही मधली रेघ शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही, कापताना गेली तर परत काढायची. आकार वरून काढा, करवतीने जास्तीचं लाकूड उडवा, मानेपाशी स्टॉप कट द्या, आणि मग फक्त पहिले दोन काप. दांडा आधी चौकोनी ठेवा, मग चारही कडा मारून अष्टकोनी करा, मग त्या आठ कडा मारा. एकदम गोल करायला गेलं की दांडा कधीच गोल होत नाही. हे पॅटर्नवाल्या काकांचं, आणि मला वाटतं चौकोन, मग आठ, मग सोळा ही पद्धत ज्याला हातात भिनली त्याला पुढे पक्ष्याचं पोट असो की बैलाचं वशिंड, अडत नाही.

पॉलिश पेपर शेवटी, आणि शक्य असेल तर वापरूच नका. पेपर मारला की त्याचे कण लाकडात बसतात, मग परत चाकू लावला की धार जाते. चाकूचे बारीक पैलू तसेच राहू दिले तर चाटू हातातून निसटतही नाही. आमच्या डॉक्टरबाईंच्या घरी पहिला चाटू अजून वापरात आहे, दांड्यावर सगळे काप मोजता येतात.

तेलासाठी किराणा दुकानातलं किंवा घाण्यावरचं साधं जवसाचं तेल. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते खायच्या वस्तूला नाही, त्यात लवकर वाळण्यासाठी रसायनं असतात. शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही, खवट होतं. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसा, पाच-सहा दिवस ठेवा, परत द्या, असं तीन-चार वेळा, आणि शेवटच्या हातानंतर तीन आठवडे वापरू नका. आता महत्त्वाचं. जवसाचं तेल लागलेलं फडकं बोळा करून कचऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून दोरीवर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पटाशी कधी

चाटू दोन-तीन झाले, धार स्वतःची स्वतः लागायला लागली, मग. आणि तेव्हाही सेट नको. तीन घ्या. गोल पटाशीवर दोन आकडे असतात, एक गोलाईचा आणि एक रुंदी मिलिमीटरमध्ये. गोलाई ३ म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे अर्ध्या वर्तुळाच्या आसपास. सुरुवातीला ३ ची एक, ९ ची एक, दोन्ही दहा-बारा मिलिमीटरच्या, आणि एक छोटी व्ही पटाशी. जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरतो तिथे, सुताराच्या जुन्या पटाश्या गंजलेल्या मिळतात, पोलाद कधीकधी फार चांगलं निघतं, पण तोंड चेपलेलं किंवा खोल खड्डे पडलेलं घेऊ नका, आणि पहिल्यांदा कुणाला तरी सोबत न्या. रविवारी आमचं सुटलं की दोघं-तिघं तिकडेच जातात.

पटाशी आली की ठोकळा टेबलाला सी-क्लॅम्पने, म्हणजे C आकाराच्या शिकंज्याने, आवळायचाच. एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हातात पटाशी हे कधीच, म्हणजे कधीच नाही. दोन्ही हात पटाशीवर, एक ढकलायला आणि एक अडवायला.

वाडे बघायला जायचं तेव्हा

वर्षातून दोनदा आम्ही एकत्र बघायला जातो, आणि नवीन माणसाला मी सांगते की पटाशी हातात घेतल्यानंतर ये, आधी नको. आधी गेलं की फक्त ‘किती सुंदर’ एवढंच म्हणता येतं. पटाशी धरल्यावर तोच खांब बघितला की कुठल्या गोलाईची पटाशी कुठल्या बाजूने आली ते दिसायला लागतं.

विश्रामबागवाडा घ्या, दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. रोज त्या रस्त्याने जातो आपण. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले खांब आणि केळफुलं, पेशवाईतल्या कामाची ओळखच ही. केळफूल नीट बघा, ते पाकळीवर पाकळी असं रचलेलं असतं, प्रत्येक पाकळीची कड म्हणजे एक स्टॉप कट आणि त्याला येऊन मिळणारा एक उतार, तुम्ही काठीवर महिनाभर जे केलं तेच, फक्त सागात आणि हातभर मोठं. बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात दरवाजे आणि चौकटी अगदी जवळून बघता येतात, तिथे डॉ. दिनकर केळकरांनी जमवलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत, अडकित्त्यांपासून दिव्यांपर्यंत, आणि आम्ही गेलो की एका दालनातच अख्खी दुपार जाते. बाहेरगावी वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडचा रंगमहाल ही आमची दोन आवडती ठिकाणं. हात लावायचा नाही, कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसे घ्यायचे नाहीत. वही न्या आणि एकच फूल काढा, पण त्याच्या उजव्या आणि डाव्या पाकळीत काय फरक आहे ते शोधून काढा. फरक असतोच, तो त्या माणसाचा हात आहे.

कोकणात जाणार असाल तर सावंतवाडीची चितारआळी चुकवू नका, लाकडी फळं आणि खेळणी तिथली प्रसिद्ध, आणि पारंपरिक काम पांगाऱ्याच्या लाकडातलं. पुढे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आहेत, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लांबून बघणाऱ्यालाही कोण आहे ते कळलं पाहिजे म्हणून बाहुलीच्या चेहऱ्यावर किती थोडं कोरावं लागतं, ते तिथे समजतं. आम्ही नवीन लोक एका नाकावर तीन रविवार घालवतो.

वर्षभर काय चालतं

आषाढात सगळे बैलाला लागतात. आमच्यातले एक नागपूरचे आहेत, त्यांच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान मुलं चाकांचे लाकडी नंदी घेऊन निघतात, तर त्यांनी हे आमच्याकडे आणलं आणि आता पोळ्याला सोसायटीतल्या मुलांना द्यायला सात-आठ बैल तरी होतात. नवीन माणसाला चाकं देतो आम्ही, चाकं म्हणजे चौकोन, आठ, सोळा, परत तेच. दिवाळीच्या आधी एक रविवार लाकडाच्या अदलाबदलीचा, घरात पडलेलं सगळं आणायचं, जुन्या पलंगाचा पाय, फुटलेली काथवट, कुणाच्या गावच्या फणसाची फळी, आणि नावाची चिठ्ठी लावून ठेवायचं. पैसे कोणी घेत नाही. पावसाळ्यात प्रत्येकाने आपापल्या वस्तू उन्हाची तिरीप आली की बाहेर काढायच्या, बुरशी आणि भुंगा दोघंही दमट कपाटात येतात, तळाशी पिठासारखा भुसा पडलेला दिसला की त्या वस्तूला वेगळं ठेवायचं, ग्रुपच्या खोक्यात आणायची नाही, एकदा एकाच मुखवट्यावरून चार वस्तूंना कीड लागली होती.

आणि ग्रुपमध्ये एक गोष्ट पाळा. दुसऱ्याचं काम बघताना न विचारता त्याच्या लाकडावर चाकू लावायचा नाही, ‘दाखवतो ना’ म्हणूनसुद्धा नाही. दाखवायचं तर दुसऱ्या तुकड्यावर. काका पस्तीस वर्षांचा हात असून विचारतात, ‘लावू का?’ म्हणून.

तुमचा पहिला चाटू झाला की दांड्याच्या मागे व्ही कापाने तारीख कोरा, नाव नको, तारीखच. आणि काठीवरच्या सरावाची पहिली काठी टाकून देऊ नका, ती आमच्या लाल पत्र्याच्या पेटीत ठेवायची असते. त्यात आता तीसेक काठ्या आहेत, माझीही आहे, खालच्या बाजूला जिथे लाकूड फाटलंय तिथे पेन्सिलीने काकांनी बाण काढून ठेवलाय, ठोकळा कुठल्या बाजूला फिरवायला हवा होता त्याचा.